हरवलेला मधला आवाज

तमाम लहानथोरांस, त्यांच्या शेजाऱ्यांस आणि शेजाऱ्यांकडे उतरलेल्या पाहुण्यांस जाहीर कळवण्यात येते की, माणसाचे मन त्याच्या डोक्यात नसते. हा शोध मी लढाईच्या दिवसांत, माधवनगर मुक्कामी, कोणाचीही मदत न घेता लावला. मग मन असते तरी कुठे, असे काही चौकस मंडळी विचारतील. त्यांनी ते विचारू नये. तेवढेच मला अजून कळलेले नाही.

आता रीतसर सुरुवात करतो. मी मूळचा वडूजकडचा. आमची जमीन होती, म्हणजे दगडांना बसायला ऐसपैस जागा होती आणि दगडांची मर्जी असेल तिथे बाजरी यायची. वडील मला मिसरूड फुटायच्या आत गेले. घरात आई, धाकटी बहीण आणि एक म्हैस. लढाई सुरू झाली, फौजेला खाकी कापड कमी पडू लागले आणि माधवनगरच्या एका गिरणीत माणसांची भरती निघाली. ज्याला दोन हात आहेत त्याला दोन माग, असा सरळ हिशेब होता. मी दोन्ही हात दाखवले आणि विणकर झालो.

मागखात्यात पहिल्या दिवशी पाऊल टाकले तेव्हा मला वाटले, गिरणी पडते आहे. मी उलटा पळालो. दारात जॉबर, म्हणजे आमच्या खात्याचा मुकादम, उभा होता. त्याने मला खांद्याला धरून पुन्हा आत फिरवले, जसे आपण गोठ्यात रेडकू फिरवतो तसे. मागाचा धोटा म्हणजे आडवा दोरा घेऊन पळणारी एक लाकडी होडी. ती इकडून तिकडे गेली की तिला दांडक्याचा तडाखा बसतो, तिकडून इकडे आली की पुन्हा तडाखा. असे तडाखे एका छपराखाली, शेकडो मागांवर, दिवसभर. तो आवाज कानांनी ऐकू येत नाही. दातांनी ऐकू येतो. पोटातल्या भाकरीलासुद्धा तो ऐकू येत असावा, कारण ती जागेवर बसत नसे.

पहिल्या महिन्यात मी सगळ्या जगाचा द्वेष केला. मी मनाने गरीब माणूस, गावात माझी ख्याती होती की ह्याच्या पायावरून बैलगाडी गेली तरी हा गाडीवानाला रामराम करील. तो मी, खोलीतल्या सोबत्याने तांब्या जोरात ठेवला म्हणून त्याच्या अंगावर धावून गेलो. मग एके दिवशी, का ते ठाऊक नाही, खात्यात उभा असताना एकदम गार वाटले. आंघोळ करून, नवे धोतर नेसून बसल्यासारखे. आवाज तेवढाच, उकाडा तेवढाच, नाकात कापसाचा धुरळा तेवढाच, आणि मी दोन मागांमध्ये उभा राहून चक्क हसत होतो.

मला वाटले, सुटलो. राग गेला. पण राग गेला नव्हता, त्याने फक्त बिऱ्हाड बदलले होते. आता तो सुटीच्या दिवशी येऊ लागला. गिरणी बंद झाली, भोवती शांत झाले की आमच्या खोलीतली सहाही माणसे एकमेकांकडे डोळे वटारून बसत. एकदा दोघांची मारामारी झाली, आणि कारण काय, तर एकाचा श्वास दुसऱ्याला मोठा वाटत होता. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, माग सुरू झाले, आणि तेच दोघे एकमेकांना चिमूटभर तंबाखू देत होते. मी विचारात पडलो. माझा खरा स्वभाव कोणता? कामाच्या दिवसाचा की सुटीचा? आणि स्वभाव जर वाराप्रमाणे बदलतो, तर मी कोण?

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यावर उभा आहे. खात्यात बोलायचे कसे? साधे ओरडून उपयोग नाही. विणकर ओठ मोठे मोठे हलवून बोलतात आणि घशातून आवाज काढतच नाहीत. काढून करायचे काय? समोरचा ओठ वाचतो. जोडीला हात असतात. जेवलास का, तुझा दोरा तुटला, जॉबर आला, जॉबरचा सासरा आला, सगळे ओठांवर. अगदीच निकड असली तर जवळ जाऊन, कानाला तोंड लावून बोंब ठोकायची. म्हणजे आमच्याकडे आवाज दोनच. एक बोंब आणि दुसरा मुका. माणसे ज्या आवाजात भाकरी मागतात, पाहुण्यांना या बसा म्हणतात, तो मधला आवाज वापराविना माझ्याकडून कुठे पडला, मला समजलेसुद्धा नाही.

समजले ते बहिणीच्या वेळी.

पलूसचे एक ठिकाण आले होते. मुलगा पलटणीत, घरी उसाची शेती, विहिरीला बारमाही पाणी. मामाने मध्यस्थी केली होती. आमच्या बहिणीची दोन स्थळे आधीच फिसकटलेली, त्यामुळे आईने हे तिसरे स्थळ श्वास रोखून धरले होते. बहीण काही बोलत नसे. पण मी गावी पोहोचलो त्या संध्याकाळी ती डोक्यावर दोन घागरी घेऊन पाऊण मैलावरून आली, घागरी उतरवल्या, मानेला हात लावला आणि सहज विचारावे तसे म्हणाली, “दादा, पलूसला म्हणं घराच्या पाठीमागंच पानी हाय. व्हय?”

मी म्हणालो, “व्हय.”

म्हैस दावे तोडून परसात गेली.

“आवाज हळू कर रं!” आई आतून म्हणाली. “जनावर बुजलं की!”

“मी हळूच बोललो,” मी म्हणालो, आणि शेजारच्या म्हातारीने भिंतीपलीकडून विचारले, “काय झालं वं? भांडान लागलंय का?”

ती रात्र मी तळमळत काढली. इतकी शांतता माझ्या अंगावर घोंगड्यासारखी टाकलेली, आणि तिच्या खाली माझे कान भोंगा शोधत होते. सकाळी एका पारव्यावर मी असा चिडलो की त्याला दगड मारायला छपरावर चढलो. आईने ते पाहिले आणि मला उंबऱ्यात बसवून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. “कुनी काय खायला घातलं का तुला तितं?” ती पुन्हा पुन्हा विचारत होती. मी नाही म्हणत होतो, आणि प्रत्येक ‘नाही’बरोबर तिचा संशय वाढत होता, कारण प्रत्येक ‘नाही’ ही बोंब होती.

बहिणीने मात्र व्यवहाराची गोष्ट सांगितली. “दादा, तू पावन्यांम्होरं तोंडच उघडू नगंस. उघडलंस तर लय म्हंजी लय हळू बोल. माज्या गळ्याची आन हाय तुला.”

पाहुणे दुपारी आले. मुलाचे वडील, त्यांच्याबरोबर त्यांचा मेव्हणा, आणि आमचा मामा. मुलाचे वडील म्हणजे गंभीर प्रकृतीचा, पगोटे सरळ बसवलेला, एकेक शब्द तोलून टाकणारा माणूस. मेव्हणा त्यांच्या उजव्या हाताला बसला आणि ते काय म्हणतील त्याला मान हलवू लागला. बहीण आली, पाटावर बसली, विचारले त्याची उत्तरे दिली, उठून नमस्कार करून आत गेली. सगळे लोण्यासारखे चालले होते. मुलाच्या वडिलांचा चेहरा तेवढा दगडाचा. पण ती रीतच आहे. मुलाकडच्या माणसाने मुलगी बघताना खुशी दाखवायची नसते; दाखवली तर त्याचा मान उतरतो. त्याने जांभई द्यायची, छपराकडे बघायचे आणि शेवटी म्हणायचे, “कळवतो.”

मग त्यांनी मला विचारले, “गिरनीत काय करता?”

“माग चालवतो!”

त्यांच्या हातातला गुळाचा चहा बशीतून धोतरावर आला. आतून आईचा खोकला आला. मला बहिणीची शपथ आठवली. मी सावरलो, मान खाली घातली, आणि अतिशय हळू, अतिशय नम्रपणे सांगू लागलो की दोन माग सांभाळतो, खाकी कापड काढतो, आपलेच चिरंजीव ते अंगावर घालत असतील. चांगले लांबलचक बोललो. हातांनी दाखवलेसुद्धा. वर पाहिले तर तिघेही माझ्याकडे टक लावून बघत होते.

मेव्हणा म्हणाला, “दाजी, ह्यो बोलतोय का चघळतोय?”

तेव्हा माझ्या ध्यानात आले की मी खात्यातले बोलत होतो. नुसते ओठ. एवढा वेळ माझ्या तोंडातून आवाजच बाहेर पडला नव्हता. घाबरून मी म्हणालो, “माफी करा पावनं!” आणि ती पुन्हा बोंब निघाली. मग ती झाकायला मी हळू बोललो, म्हणजे पुन्हा ओठ. मुका, बोंब, मुका, बोंब. आणि मजा अशी की बोंब मारली की मला खरोखर राग येत होता. कोणावर, कशाबद्दल, काही नाही. राग आला म्हणून आवाज चढतो असे आपण समजतो. त्या दिवशी माझा आवाज आधी चढत होता आणि राग मागून धापा टाकत येत होता, “थांबा, मीबी आलो” म्हणत.

मुलाचे वडील उठले. पगोटे नीट केले. “कळवतो,” म्हणाले, पण रीतीप्रमाणे छपराकडे न बघता, थेट दाराकडे बघत म्हणाले.

कळवले त्यांनी आठ दिवसांत, मामाच्या तोंडी. निरोप असा: पोरीत काही खोट नाही, पण भावाचे डोके ठिकाणावर दिसत नाही. हे जर रक्तातले असले तर उद्या पोरीचेही तसेच व्हायचे. आमची सोयरीक घराण्याशी आहे, नुसत्या पोरीशी नाही.

मामा तो निरोप घेऊन माधवनगरला आला होता. मी ऐकले आणि तसाच भिंतीला टेकून बसलो. तिसरे स्थळ वेडाच्या कारणाने परत गेले की चौथे येत नाही, हे मला मामाने सांगायची गरज नव्हती. बहिणीला आयुष्यभर त्या दोन घागरी. आणि कारण मी. वाईट ह्याचे, की ते खोटे बोलताहेत असे मला छातीवर हात ठेवून म्हणता येईना. पारव्याच्या मागे छपरावर चढणारा माणूस शहाणा, हे कोणत्या तोंडाने सांगू?

“मामा,” मी विचारले, “मी खुळा हाय का वं?”

मामाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “तू खुळा हायस का तुजी गिरनी खुळी हाय,” तो म्हणाला, “त्ये त्यांनाच बघू दे. आनतो मी त्यांना हितं. बगा म्हनतो, आन मंग बोला.”

मुलाच्या वडिलांना ते पटले. शेतकरी माणूस, बैल घेताना दात मोजणारा; मामाच्या नुसत्या बोलण्यावर त्यांनी माझे वेड माफ केले नाही. बघायला आले. मेव्हणा बरोबर होताच. जॉबरच्या पाया पडून मी त्यांना आत नेण्याची परवानगी काढली. पाहुणे कापड बघायला आलेत, असे सांगितले. मामा म्हणाला, “मी भाईरच बसतो, माझं डोकं मला अजून लागतंय.”

आत पाऊल टाकताच मुलाचे वडील थबकले. दोन्ही हात पगोट्यावर गेले. जणू ते उडून जाणार होते. मी त्यांना माझ्या दोन मागांच्या मध्ये उभे केले आणि कामाला लागलो. पहिल्या काही मिनिटांत त्यांचा चेहरा लाल झाला. ते मेव्हण्याकडे वळून काहीतरी ओरडले. मेव्हण्याने कानाला हात लावला. ते पुन्हा ओरडले. आवाज अर्थातच मागांनी खाल्ला, पण ओठ होते, आणि ओठ मला छापील पुस्तकासारखे दिसत होते. “ह्या असल्या जागी ढोरबी बांधू नये,” असे ते म्हणत होते, आणि पुढे जॉबरच्या आईविषयी थोडे.

मी जवळ गेलो आणि त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडलो, “खरं हाय पावनं, पर जॉबरची आई लय चांगली बाई हाय!”

ते दोन पावले मागे सरले. माझ्या तोंडाकडे, मग माझ्या डोळ्यांकडे बघू लागले. आपले बोलणे ह्याने ऐकले कसे? मी बोटाने त्यांचे ओठ दाखवले, माझे डोळे दाखवले. शेजारच्या मागावरचा विणकर हसला. त्यानेही वाचले होते. त्याच्या पलीकडचाही हसला. मुलाच्या वडिलांनी तोंड घट्ट मिटून घेतले आणि त्यानंतर खात्यात असेपर्यंत त्यांनी मेव्हण्याशी बोलताना पगोट्याचा शेमला तोंडापुढे धरला.

मला वाटले होते, ते पाच मिनिटांत बाहेर पळतील. पण ते हट्टाला पेटले. भोंगा होईपर्यंत बघणार, असे त्यांनी हातानेच सांगितले. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत जे घडले ते मला आजही उलगडलेले नाही. अर्ध्या तासाने त्यांचा राग उतरला. तासाभराने त्यांचा पाय मागाच्या ठेक्यावर हलू लागला, लेझीम खेळताना हलतो तसा. दुसऱ्या तासाला हा दगडी माणूस कोणाकडेही न बघता, स्वतःशीच, एखाद्या पोरासारखा हसत होता. आणि मेव्हणा? मेव्हण्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. काय झाले म्हणून मी खुणेने विचारले, तर त्याने खांदे उडवले. त्यालाही ठाऊक नव्हते. एकच छप्पर, एकच गोंगाट, एक हसतो, एक रडतो, आणि मी खुळा आहे की नाही हे ठरवायला दोघे आलेले!

भोंगा झाला. माग थांबले. आम्ही बाहेर पडलो तर मुलाचे वडील फाटकाशीच उभे राहिले आणि इकडे तिकडे बघू लागले. समोरून बैलगाडी चालली होती. तिची चाके फिरत होती, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांच्या माळा हलत होत्या.

“ह्या गाडीचा आवाज का येत न्हाई?” ते गरजले.

“येतोय की,” मामा म्हणाला.

“काय?”

मामाने मान हलवली आणि आम्हाला समोरच्या हॉटेलात नेले. पाळी सुटलेल्या विणकरांनी ते भरले होते, आणि तरी तिथे देवळासारखे शांत होते. कारण आमची माणसे बाहेरही सवयीने ओठांनीच बोलत. बाकड्याबाकड्यावर तोंडे हलत होती, हात उडत होते, आणि आवाज म्हणाल तर बशांचा आणि चुलीवरच्या पातेल्याचा. मी आणि मामा एका बाकावर बसलो, समोर मुलाचे वडील आणि मेव्हणा. चहा आला. मला तो उचलवेना. ह्या माणसाच्या पुढच्या शब्दावर माझ्या बहिणीचे सगळे टांगलेले होते, आणि त्याचा चेहरा पुन्हा दगडाचा झाला होता.

मामाने वाकून, एकेक शब्द सुटा करून विचारले, “मंग पावनं? काय वाटलं?”

“इतक्यात काय सांगता यायचं न्हाई!” मुलाचे वडील म्हणाले. पलीकडच्या बाकावरच्या माणसाची बशी हातातून निसटली. “घरात इचारू! चार मानसांत बसू! मंग कळवू!”

ते छपराकडे बघू लागले. रीतीप्रमाणे जांभईसुद्धा दिली. माझा जीव पायांतून खाली जमिनीत गेला.

मग त्यांनी हॉटेलभर एक नजर फिरवली. सगळीकडे विणकर, सगळीकडे ओठ वाचणारे डोळे. हे लोक काय चीज आहेत हे त्यांनी आताच अनुभवले होते. त्यांनी सावधपणे पगोट्याचा शेमला सोडला, तो तोंडावर पुरता ओढून घेतला, वरून हाताचा पंजा धरला, मेव्हण्याच्या कानाशी झुकले, आणि कानात अजून माग चालू असलेला तो माणूस, आपण अगदी बारीक कुजबुजतो आहोत अशा समजुतीने, फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

“पोरगी मला पयल्याच दिशी पसंत पडलीया गड्या, आन भावाचं डोकंबी साबूत हाय, पर चार दिस झुलू दे त्यांना! आन तू हळू बोल, त्यो भाऊ हितंच बसलाय!”